मुळं धुणाऱ्यांची शेड

मुळं धुणारी माणसं एकत्र बसली की किस्से साचणारच. कामच तसं आहे हो! मातीचा ढेकूळ पाण्यात भिजत पडलेला, हात चाळणीवर, कंबर वाकलेली. घाई केली की मूळ तुटलंच म्हणून समजा. त्यामुळे हात एकदम सावकाश आणि तोंड एकदम मोकळं! आमच्या टाक्या दर आठवड्याला साफ होतात, किस्से मात्र तळाशी राहतातच.

आम्ही चौघं. बोरकर मॅडम आमच्या प्रमुख, नागपूरहून जबलपूरला आलेल्या. दुबेजी प्रयोगशाळा सांभाळतात, अस्सल जबलपुरी माणूस. श्वेता पीएचडी करते. तिचे आजोबा अमरावतीकडचे, पण ती मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. आणि चौथा मी, राऊत. शेतीच्या एका संस्थेच्या मागच्या अंगाला आमची पत्र्याची शेड आहे. पिकांची मुळं खणून काढायची, धुवायची, मोजायची, ती पाणी कुठून ओढतात आणि मातीतलं खत कसं सोडवून घेतात ते बघायचं, हा आमचा धंदा. संस्थेतले बाकी सगळे जमिनीच्या वरचं बघतात. खालचं बघणारे आम्हीच!

*

संस्थेत नवे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात त्यांची गाडी थेट आमच्या शेडसमोरच्या वाफ्यावर उभी! चणा नुकताच पेरलेला, कोंब वर यायचे होते. मॅडम धावतच बाहेर गेल्या.

"सर, गाड़ी हटाइए, यहाँ चना बोया है!"

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मैडम, यहाँ तो कुछ नहीं है।"

"है, सर। नीचे है।"

गाडी हलली, पण साहेबांच्या मनात आमची शेड भरली. ऐसपैस जागा, वर पत्रा, गाड्या लावायला एकदम फर्स्टक्लास! थोड्याच दिवसांत एक माणूस येऊन शेडमध्ये चुन्याचे पट्टे आखून गेला, आमच्या टाक्यांना खेटून. मॅडम भांडायला गेल्या, तेव्हा साहेब म्हणाले, "फसल कटने तक रुकता हूँ। दिखाने लायक कुछ हो तो दिखाइए।"

म्हणजे पीक निघेपर्यंत काहीतरी दाखवा, नाहीतर शेड गेली! शेड गेली म्हणजे काम गेलं. आम्हाला कुठल्या तरी ऑफिसात टेबलं मिळाली असती, पण टाक्या कोण देणार?

मॅडमनी परत येऊन टाकीत हात घातला आणि सांगून टाकलं, "चण्याचं एक आख्खं झाड काढायचं. शेंड्यापासून मुळाच्या टोकापर्यंत. तुटलं नाही पायजे."

*

आता आख्खं मूळ काढायचं तर खिळ्यांचा पाट लागतो. खड्ड्याच्या भिंतीत तो ठोकायचा, मागून काळी माती कापायची आणि पाटासकट पाण्यात बुडवायची. माती वाहून जाते, मुळं खिळ्यांमध्ये जागच्या जागी राहतात. मॅडमनी आपल्या उंचीएवढा पाट हवा म्हणून चित्र काढून दिलं. मी, श्वेता आणि दुबेजी गोहलपुरला वेल्डरकडे गेलो.

त्यानं चित्र उलटंपालटं करून बघितलं. माणसाएवढा लोखंडी पत्रा, त्यावर दाट खिळे!

"बाबाजी का वजन कितना है?"

श्वेता म्हणाली, "कौन से बाबाजी?"

"अरे दीदी, जो इस पर लेटेंगे!"

आम्ही दोघं हसून हसून बेजार. दुबेजींच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "भैया, मजबूत बनाना। बाबाजी काले हैं, बहुत भारी हैं, और गीले आएँगे।"

वेल्डरनं हात जोडले आणि पत्रा जाड वापरला!

*

याच दुबेजींचे मेहुणे सराफ्यात सोनार आहेत, दुकानातल्या धुळीतलं सोनंही अ‍ॅसिडनं सोडवून घेतात. एकदा ते शेडवर आले आणि म्हणाले, "जीजाजी, दिनभर यह घास-फूस क्यों धोते हो?"

दुबेजींनी त्यांना काचेची एक चपटी पेटी दाखवली. आत जांभळ्या रंगाची जेली आणि तिच्यात वाढणारं चण्याचं रोप. मुळांच्या भोवतीची जेली मात्र पिवळी झालेली! चण्याचं मूळ आंबट रस सोडतं, तो लागला की हा रंग बदलतो. मातीत फॉस्फरस घट्ट चिकटून बसलेला असतो, तो या रसानं सुटतो आणि मग मूळ त्याला ओढून घेतं.

मेहुण्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "मतलब तेज़ाब से माल छुड़ाता है?"

"बिलकुल।"

"दुकान किसकी है?"

"खुद की! न भट्टी, न बिजली, न नौकर।"

मेहुणे बराच वेळ पेटीपुढून हलले नाहीत. जाताना म्हणाले, "अपनी बिरादरी का है!" दुबेजी आजही चण्याला साला म्हणतात, आणि तेही प्रेमानं!

*

श्वेताची तर गोष्टच वेगळी. स्थळ सांगून आलं म्हणून ती आईवडिलांबरोबर मुलाच्या घरी गेली. चहा झाला, पोहे झाले, आणि हिचं लक्ष अंगणातल्या कुंडीकडे. तुळस मलूल झालेली. बाई उठली, कुंडी आडवी केली, तळाला थाप मारली आणि तुळस मुळासकट बाहेर!

मुलाच्या आईच्या हातातला कप तसाच राहिला. "अगं बाई, आमची तुळस उपटली हिनं!"

"आंटी, जड़ें देखिए ना! बेचारी को जगह ही नहीं है, गोल-गोल घूम रही है।"

श्वेतानं मुळं मोकळी केली, मोठी कुंडी मागितली, तुळस लावली, पाणी घातलं, हात धुतले. काही दिवसांनी तिकडून फोन आला. तुळस फुटली, मुलगी पसंत आहे! हिचा मात्र नकार.

मॅडमनी विचारलं, "मग? काहून नाही म्हणून राहिली?"

"मैडम, तुलसी तो बाहर आ गई। लड़का अभी उसी गमले में है।"

*

मधल्या काळात साहेबांनी निरोप धाडला, तुमच्या वाफ्यात चणा किती झाला ते सांगा. आम्ही चौघंही त्यांच्यासमोर उभे राहिलो.

दुबेजी म्हणाले, "सर, गाय खा गई।"

"गाय घुसी कैसे?"

"घुसी नहीं, सर। हमने काटकर खिलाया।"

"दाने भी?"

"ऊपर का सब।"

"तो आप लोगों ने रखा क्या?"

चौघंही एका सुरात, "जड़ें!"

खरंच ठेवली होती. जमिनीत राहिलेली मुळं कुजून मातीला काय देऊन जातात, तेच आम्हाला बघायचं होतं. वाफा वरून अगदी सपाट दिसायचा. पण साहेबांचा चेहरा पाहून आम्ही मनातल्या मनात टाक्या आवरायला घेतल्या.

*

आता शेवटचा किस्सा.

मझौलीकडे पावसाळाभर शेतात बांध घालून पाणी तुंबवतात, मग ते सोडून देऊन नुसत्या ओलीवर चणा पेरतात. त्यानंतर वरून पाणी नाही. अशाच एका शेतात, चणा अजून उभा असताना, आम्ही पाट घेऊन पोचलो. मॅडमनी एक ठेंगणं झाड निवडलं. शेताचे मालक, पटेलजी, ओशाळले. "मैडम, उधर इससे बड़े हैं।"

"नहीं पटेलजी, यही चाहिए।"

खड्डा खणला, पाट ठोकला, आणि थोड्या वेळानं खालून मॅडमचा आवाज आला, "राऊत, पाट संपला रे! हे अजून खालीच जाऊन राहिलंय!"

खालची माती मूळ न तोडता कापली आणि पाटाला लागूनच गोणपाटात बांधून आणली. मग धुणं सुरू झालं. त्या दिवशी शेडमध्ये कोणी किस्सा सांगितला नाही. नुसती पाण्याची बारीक धार. माती उतरत गेली आणि मूळ दिसत गेलं. वर केसांसारखा गुंता, मग गाठी, मग एकच सरळ पांढरा धागा. कुठेही न तुटलेला! मॅडमनी डोळे पुसले आणि गालाला चिखल लागला.

साहेब आले. पाट भिंतीला टेकवला होता, बरोबर चुन्याच्या पट्ट्यांवर. उरलेलं मूळ खाली काळ्या कापडावर पसरलं होतं.

"पानी कितनी बार दिया?"

"एक बार भी नहीं, सर। खुद ढूँढ़ लिया।"

साहेबांनी मुळाबरोबर बोट खाली खाली आणलं. गुडघ्यावर बसले. मग कापडावर वाकले. टोक सापडलं. उठले आणि सरळ बाहेर गेले. दुबेजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे.

बाहेर ड्रायव्हर गाडी मागे घेत होता, थेट आमच्या सपाट वाफ्याकडे. आणि साहेबांची आरोळी आली, "अरे रोको! रोको! उधर मत ले जाना!"

ड्रायव्हर घाबरून उतरला. वाकून गाडीखाली बघितलं, मागे बघितलं. "साहब, यहाँ तो कुछ नहीं है।"

"है," साहेब म्हणाले. "नीचे है।"