पन्नास सेकंदांत झालेला बिल्ड

आधीच सांगतो, मांजर आडवं गेलं तर मांजराला बाजूला करून पुढे जाणारा मी माणूस. कॉम्प्युटर कारण नसताना काही करत नाही, आपण ढ असतो म्हणून कारण दिसत नाही – हे माझं पंधरा वर्षांचं ठाम मत. तरी गेल्या वर्षीचा तो शुक्रवार काही डोक्यातून जात नाही.

राहायला सरावली गावात, काम घरूनच – मोबाईल अ‍ॅप बनवायचं. तारापूरकडच्या एका कोळीवाड्यातल्या होड्यांसाठी मी एक अ‍ॅप केलंय. वाऱ्याची वॉर्निंग आली की फोन भोंग्यासारखा ओरडतो. ही माणसं जवळच्याच पाण्यात जाळी टाकतात, तिथवर रेंज मिळते.

आमच्या धंद्यातला जाच म्हणजे बिल्ड. लिहिलेल्या कोडचं फोनमध्ये टाकता येईल असं अ‍ॅप तयार होणं. माझ्या लॅपटॉपवर पस्तीस मिनिटं! वैतागून मी शहाणपणा केला... भोंग्याचा भाग दर वेळी नव्याने बनवायचाच नाही, जुनी तयार फाईल जोडून द्यायची. वेळ निम्म्यावर आला, मी खूश.

शुक्रवारी आमच्याकडे मेंटेनन्सला लाईट जाते. त्या दिवशी सकाळी दहाला गेली ती दोनला आली. लॅपटॉपचं चार्जिंग अकराच्या आतच संपलेलं. तो चालू करतोय तोच मोरेश्वरकाकांचा फोन. काका तिथल्या एका होडीचे तांडेल, म्हणजे म्होरके.

“अरे, तुजा नवीन अ‍ॅप टाकला. वॉर्निंग दिसते, पन भोंगा वाजत नाय.”

जुनी फाईल नव्या अ‍ॅपशी जुळलीच नव्हती.

“काका, आज नका जाऊ.”

“पाच दिस बसून हाय आमी. भरती हाय, अडीचला होडी काढायची. तू कर काय ता.”

घड्याळात सव्वादोन. जाळं ओढताना स्क्रीनकडे कोण बघतो? होडीत काका धरून पाच माणसं, आणि चूक शंभर टक्के माझी. जुनी फाईल काढली, भोंग्याचा कोड परत जोडला, फोन सायलेंटवर असला तरी वाजावा म्हणून दोन नव्या ओळी लिहिल्या आणि बिल्ड लावला.

पन्नास सेकंदांत संपला!

बायको म्हणाली, “इतक्यात? काहीतरी गंडलंय बघ.”

मलाही तेच वाटलं. बाकीच्या भागांत काही बदललं नव्हतं, पण भोंग्याच्या भागापुढेही स्क्रीनवर आलं होतं – कॅशमधून घेतला. कॅश म्हणजे आधी झालेलं काम साठवायची जागा. पण कोडमधलं एक अक्षर बदललं तरी साठवलेलं चालत नाही, नव्याने बनवावंच लागतं. आणि त्या दोन ओळी तर मी आत्ता लिहिल्या होत्या... विचार करायला वेळ नव्हता. माझ्या फोनवर भोंगा वाजला, तो लगेच बंद केला आणि फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. काकांचा अंगठा आला.

संध्याकाळी सातला काका किनाऱ्यावरून बोलले. वारा असा सुटला, की जाळी तिथेच सोडून आले होते.

“होडीच्या मशीनच्या आवाजात आयकूच आला नाय रे. मशीन बंद केला तवा कळला. वाजतच व्हता, वाजतच व्हता!”

मी रडलो. सरळ सांगतो, लाज कसली.

दुसऱ्या दिवशी शोधाशोध केली. साठवलेल्या त्या भागावरची वेळ होती शुक्रवार, बारा वाजून वीस मिनिटं. तेव्हा लाईट नव्हती, लॅपटॉप बंद होता, आणि दुसरं मशीन माझ्याकडे नाहीच. लॅपटॉपचं घड्याळ तपासलं – बरोबर. ओळखीच्या दोघा डेव्हलपरना दाखवलं. एक म्हणाला, नीट बघ, तूच कधीतरी केला असशील. दुसऱ्याने चहा मागवला.

बरं, तेही एकवेळ सोडून देतो. पण नंतर काकांच्या फोनमधली नोंद उघडली. भोंगा पाच चाळीसला सुरू झाला आणि पाच एकावन्नला काकांनी हाताने बंद केला. अकरा मिनिटं.

माझ्या कोडमध्ये तेव्हाही होतं आणि आजही आहे – तीस सेकंदांनी आपोआप बंद. कारण मला अजून सापडलेलं नाही. एवढंच कळतं, की मी लिहिलेला भोंगा त्या होडीत कुणाला ऐकूच गेला नसता.