गंगम्माची दाढ

लातूर नवा नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात नीलम्मा अमृतराव डॉक्टरांच्या दवाखान्यात दात साफ करायची. किटण खरवडायचं, मिसरी लावणाऱ्या बायांना दटावायचं, अन् टँकरचं पाणी म्हणून गुळणीला अर्धाच पेला द्यायचा. सुई देणं, दात काढणं हे डॉक्टरांचं काम. तिच्या शिक्षणाची हद्द तिथं संपायची, अन् तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

वाटायचं ते सासूला. गंगम्मानं अख्ख्या शिरूर अनंतपाळात सांगून ठेवलेलं, आमची सून दातांची डॉक्टरीण हाय. सुनेचं असं कौतुक करणारी सासू मिळायला नशीब लागतं हो. पण कौतुकानं कुणी डॉक्टर होत नसतं.

मग गंगम्माचीच दाढ ठणकायला लागली. सुजलेला गाल घेऊन ती एसटीनं लातूरला आली अन् थेट सुनेच्या खुर्चीत बसली.

"काढ."

"आत्याबाई, डॉक्टर काढतील."

"परक्या बाप्याचा हात माझ्या तोंडात? मेले तरी न्हाई. जगाच्या तोंडात हात घालतीस, सासूचंच तोंड वाईट का?"

डॉक्टर मऊ काळजाचे. हळूच म्हणाले, "हलतेच आहे दाढ. मी शेजारी उभा राहतो, तुम्ही काढा. कोण बघतंय?"

नीलम्माचे हात शिवशिवले. चिमटा समोरच होता.

"न्हाई साहेब. आज ह्यांची काढली तर उद्या सगळं शिरूर गाल धरून माझ्या दारात येईल. एखादीचं रक्त थांबलं न्हाई तर मी काय करू? ते मी शिकले न्हाई."

गंगम्मानं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दाढेचं की सुनेचं कोण जाणे. आई गेल्यापासून नीलम्माला मायेचं एवढं एकच माणूस होतं, अन् तेच आज रुसून बसलं होतं.

ती खुर्चीमागं गेली. सासूचा पदर तिच्याच डोळ्यांवर ओढला अन् डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"काढतील डॉक्टरच. पण हनुवटीला हात माझा हाय. बाप्या दिसायचा न्हाई तुमाला."

गंगम्मानं सुनेचं मनगट घट्ट पकडलं अन् तोंड उघडलं.

पुढं गावातली उमाबाई गाल धरून गंगम्माकडं आली. "तुमच्या डॉक्टरणीला सांगा की, माझी काढायला."

"डॉक्टरीण न्हाई ती," गंगम्मा म्हणाली. "दाढ डॉक्टर काढतेत."

उमाबाई उठायला लागली, तशी गंगम्मानं तिला परत बसवलं.

"पण डोकं माझ्या सुनेलाच धरायला सांग."