पिनोंदांग पाण्यावर जाते

रेंता लग्न होऊन लुंबान गोरात या गावी आली तेव्हा सासरचं सगळं तिला आधीच ठाऊक होतं. सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच. छप्पर कुठे गळतं, कुठलं डुक्कर दावं तोडून पळतं, नवऱ्याला, मारोलोपला, माशाच्या कालवणात तिरफळ किती लागतं, सगळं तिला माहेरीच कळलं होतं. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. दुपारची भांडी आवरली की आत्या, म्हणजे पिनोंदांग, डोक्याला फडकं गुंडाळायची, काठावरची होडी ढकलायची आणि तोबा सरोवरात पार आत वल्हवत जायची. जाळं नाही, गळ नाही, टोपली नाही. आत गेल्यावर वल्हं आडवं टाकून नुसती बसून राहायची.

रेंताने नवऱ्याला विचारलं, "आत्याबाई तिथे करतात काय?"

"काय माहीत."

"म्हणजे? इतक्या वर्षांत विचारलं नाहीस?"

"सुचलंच नाही," मारोलोप म्हणाला आणि पुन्हा जाळं विणायला लागला.

माडीच्या दुकानात बुद्धिबळ खेळणाऱ्या बाप्यांना मात्र बरंच काही सुचलं होतं. एकाच्या मते ती मेलेल्या नवऱ्याशी बोलते. दुसरा म्हणायचा, सोनं बुडवून ठेवलंय, त्याच्यावर राखण करते. रेंता तिथून जाताना दिसली की तिसरा मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "अरे, सोनं कसलं? सुनेच्या हातचं जेवण पचवायला जाते!" आणि सगळे गिटार बडवत हसायचे.

रेंताला हसू येत नव्हतं. कारण खरं कोडं पुढेच होतं. पाण्यावरून परत आली की पिनोंदांग घरी यायचीच नाही. तडक कुणा आजाऱ्याकडे जायची. कुणाला न्हाऊ घाल, कुणाला भरव, कुणाच्या उशाशी बस. आणि सगळ्यांत शेवटी गादिंगच्या आजीकडे.

थोरल्या नातवंडाच्या नावाने गाव जिला ओळखायचं ती ही गादिंगची आजी पिनोंदांगची थोरली जाऊ. अर्धं अंग लुळं पडलेलं, जीभ मात्र धडधाकट. तिची सख्खी मुलंसुद्धा ताट दारात ठेवून पळायची. पिनोंदांगने भरवलेला भात ती तिच्याच अंगावर थुंकायची. "मीठ नाही की मसाला नाही! मारायला आलीस का मला?"

"मारायचं असतं तर तुमच्या हातचं तुम्हालाच भरवलं असतं, जाऊबाई," पिनोंदांग अंगावरची शितं झटकत म्हणायची, आणि म्हातारीच्या लुळ्या ओठालाही जरा हसू फुटायचं.

याच म्हातारीने एकेकाळी पिनोंदांगच्या शेताचा पाट अडवला होता, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पिनोंदांग नुकतीच विधवा झालेली, मारोलोप अंगावर पिणारा. उभं भात वाळून गेलं होतं. मग तिला न्हाऊ घालायला ही बाई हसतमुखाने जाते कशी? रेंताला राहवेना. एकदा लसूण सोलता सोलता तिने विचारलंच.

"आत्याबाई, तुम्ही पाण्यावर जाऊन काय करता?"

"बसते."

"बसून?"

"देवाशी बोलते. कधी त्याचं ऐकते. पुष्कळदा डुलकी लागते." पिनोंदांगने लसणाची सालं फुंकली. "तुला काय वाटलं, सोनं आहे?"

"प्रार्थना चर्चमध्ये होते, घरी जेवताना होते. तेवढ्यासाठी एवढं लांब?"

"चर्चमध्ये शेजारीण ऐकते ना गं," पिनोंदांग म्हणाली आणि उठून गेली. रेंताचं समाधान झालं नाहीच, उलट कुतूहल वाढलं.

पुढे पावसात वरच्या डोंगराची कड ढासळली, झऱ्यात चिखल आला आणि गावात जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली. घराघरांतून हाका यायला लागल्या. पिनोंदांग उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत पाणी उकळायची, चादरी धुवायची, पोरांना चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजायची. रविवारी पाळकांनी भर उपासनेत तिला उभं केलं. "ही आपल्या गावाची आई आहे," असं म्हणाले. सगळं चर्च तिच्याकडे वळून बघत होतं. होडी काठावर पालथी पडून होती. तिकडे जायला वेळ कुणाला होता?

बदल पहिल्यांदा रेंताच्या लक्षात आला. आधी पिनोंदांग भांडी आपटायला लागली. मग अमक्याने साधं 'बरं झालं आलात' म्हटलं नाही, तमकी पाळकांसमोर माझं नाव घ्यायला विसरली, असं बोलणं सुरू झालं. ज्या बाईने आजवर कुणाचा हिशेब ठेवला नव्हता तिच्या तोंडून हे ऐकताना रेंताला चमत्कारिक वाटायचं. आणि एका दुपारी रेंताला मदतीला घेऊन गादिंगच्या आजीला न्हाऊ घालताना ते उसळून बाहेर आलं. म्हातारी नेहमीसारखीच करवादली, "पाणी गार आहे, टवळे!"

पिनोंदांगचा हात थांबला. "पाणी?" ती म्हणाली. "पाण्याचं तुम्ही बोलताय? माझ्या लेकराच्या तोंडचा घास वाळवलात तुम्ही! पडा अशाच!" हातातलं फडकं भिंतीवर भिरकावून ती निघून गेली. म्हातारी पाठीला साबण लागलेली तशीच उघडी कुडकुडत राहिली. रेंताने गुपचूप पाणी गरम केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला हात लावला. म्हातारी रडत होती की कण्हत होती, तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बायका धावत आल्या, त्यांच्याकडची पोरं पुन्हा ओकायला लागली होती. रेंता सासूला शोधत काठावर गेली तर पिनोंदांग होडी सुलटी करत होती.

"आत्याबाई! आत्ता? लोक वाट बघताहेत!"

"बघू देत. तू जाऊन पाणी उकळत ठेव."

"तुम्हाला काही वाटतं की नाही?" रेंता संतापली होती, पण संतापाच्या आत कुतूहलही होतं. बायकांना पाणी उकळायला सांगून ती परत धावली आणि होडीत चढून बसली. पिनोंदांगने तिच्याकडे पाहिलं आणि वल्हवायला लागली.

आत गेल्यावर वल्हं आडवं झालं. रेंताला वाटलं आता गीत होईल, शास्त्रातलं वचन होईल. काहीच झालं नाही. बऱ्याच वेळाने पिनोंदांग बोलली, तीही देवाशी, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी.

"गावाची आई म्हणाले मला पाळक. फार आवडलं रे मला ते. मग प्रत्येक घरी मी तेवढंच ऐकायला जात होते. आणि त्या म्हातारीला काल काय बोलले, तू ऐकलंसच."

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. रेंता दुसरीकडे बघू लागली.

"भात वाळलं तेव्हा पहिल्यांदा इथे आले," पिनोंदांग आता सुनेशी बोलत होती. "तिला शिव्या द्यायला. गावात दिल्या असत्या तर भांडण लागलं असतं. रोज येऊन देवाला सांगायचे, हिचं वाटोळं कर. तो नुसता ऐकून घ्यायचा. एक दिवस माझ्या शिव्या संपल्या. बसून राहिले. शांत वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशीही आले, मग येतच राहिले. पुढे ती अंथरुणाला खिळली आणि इथे बसल्या बसल्या मनात आलं, हिला भरवत कोण असेल?"

"देव बोलला?"

"मला काय माहीत? माझ्या डोक्यातलं नव्हतं, एवढं नक्की." पिनोंदांगने वल्हं उचललं. "इथे आले नाही की मी लोकांकडे माझ्याच जिवावर जाते, पोरी. आणि माझ्या जिवात काय आहे ते काल पाहिलंस."

काठावर उतरल्यावर ती आधी पोरांकडे गेली, तिथून गादिंगच्या आजीकडे. दारातच गुडघे टेकून म्हणाली, "जाऊबाई, चुकले."

"सुनेचा हात खरखरीत आहे," म्हातारी छपराकडे बघत म्हणाली. "तूच येत जा." आणि मग हळूच, भिंतीकडे तोंड वळवून, "तो पाट... मी रात्रभर झोपले नव्हते तेव्हा." यापलीकडे ती त्या विषयावर कधी बोलली नाही. साथ ओसरली. सुगीनंतर पिनोंदांगच्या मांडीवर डोकं ठेवून म्हातारी गेली.

होडीत रेंताला मळमळायचं. म्हणून तिने स्वतःसाठी लाकडांच्या ढिगामागची जागा धरली. कोंबड्या सोडल्या की तिथे बसायची. पहिल्या दिवशी काहीच घडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"आत्याबाई, माझ्या मनात नुसतं मीठच येतं. मीठ संपलंय, मीठ आणायचंय."

"मग ते सांगितलंस का त्याला?"

"देवाला? मिठाचं?"

"दुसरं काही नाहीये ना तुझ्याकडे? मग तेच सांग."

रेंताने सांगितलं. स्वतःचंच हसू आलं तिला, पण हसता हसता ती तिथे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसली. उठली तेव्हा तिला पलीकडच्या आळीतली बाळंतीण आठवली, जिचं पोर साथीत गेलं होतं आणि जिच्याकडे आता काय बोलावं न कळून कुणी जात नव्हतं. काय बोलायचं ते रेंतालाही ठाऊक नव्हतं. तिने हात धुतले, आणि त्या आळीच्या दिशेने निघाली.