केस वाळवणारी

माझी आई आणि मावशी पाठीला पाठ लावून आलेल्या. मावशी धाकटी, शिल्पकार. आई तिची पहिली मॉडेल आणि बरीच वर्षं एकुलती एक, कारण तिच्या चेहऱ्यापुढे मावशीला दुसरा कुठला चेहराच दिसायचा नाही.

लग्नाआधी दोघी वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायच्या. खिडकीखाली मातीचं पिंप, कोपऱ्यात लोखंडी सळ्यांचे सांगाडे, दारामागे आईचे ऑफिसचे कपडे आणि त्यांच्यावर कायम प्लास्टरची धूळ. आई कामावरून आली की मावशी म्हणायची, "ताई, अशीच थांब. हलू नकोस." आई एका पायात चप्पल ठेवून थांबायची. "माझा पाय पुतळ्याचा नाही गं, मुंग्या येतात त्याला," असं कुरकुरायची, पण थांबायची.

एका सुट्टीच्या सकाळी आई खिडकीत केस वाळवत बसली होती. मान एका बाजूला, डोळे मिटलेले. मावशीनं तिला न सांगताच माती हातात घेतली. छोटंसंच शिल्प होतं. आईनं ते पाहिलं, हसली आणि विसरून गेली. त्याच सुमारास शहरानं मोठ्या चौकासाठी शिल्प मागवलं होतं. मावशीनं तीच बाई ओताऱ्याच्या कारखान्यात, आईच्या नजरेआड, माणसाहून मोठी करून दिली. तिथल्याच भट्टीत ती ब्राँझची झाली आणि चौकात जाऊन बसली: खांद्यावरून घसरलेला कपडा, पुढे सोडलेले ओले केस.

आईला ते कळलं पडदा निघाला त्या दिवशी, आणि तेही ऑफिसातल्या लोकांकडून. "काय हो, चौकात अंघोळ करून बसलात!" म्हणून कुणीतरी हसलं. आई तशीच घरी आली.

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं गं!"

शब्दाला शब्द लागला. आई म्हणाली, निदान चेहरा बदल. मावशी म्हणाली, चेहरा बदलला तर उरलं काय? आईचं लग्न ठरलेलंच होतं. ती दूरच्या गावी गेली आणि तिनं बहिणीशी अबोला धरला.

माझा जन्म त्या गावचा. आमच्या घरात मावशीचा विषय निघत नसे. आई केस वाळवायची ती स्वयंपाकघरात, दार लावून. मला वाटायचं, सगळ्याच आया असं करतात.

पुढे शिकायला मी त्या शहरात गेले आणि चौकात मला आई भेटली. माझ्याहून जेमतेम दोन-चार वर्षांनी मोठी. लोक तिच्याजवळ एकमेकांची वाट बघत थांबले होते. तिच्या गुडघ्यावर हात टेकून टेकून तो पिवळा लखलखीत झाला होता. मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. मग पत्ता शोधत मावशीकडे गेले.

तिनं दार उघडलं, मी कोण ते विचारलंसुद्धा नाही. मातीनं भरलेल्या बोटांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "मान तिची आहे," म्हणाली. "बाकी सगळी वडिलांवर गेलीस. असू दे."

मावशीचं तोवर बरंच नाव झालं होतं. बंदरावर जाळं विणणारा म्हातारा तिचा, दवाखान्याच्या दारात बूट काढून पाय चोळणारी नर्सही तिचीच. "आता मी प्रत्येकाला तीनतीनदा विचारते," ती सांगायची. "चौथ्यांदा विचारलं की माणसं कंटाळून उठून जातात." मग हळूच, पाठ वळवून: "ताई अजून काम करताना गुणगुणते का गं? उशी तशीच दुमडून घेते का?" मी सगळी उत्तरं द्यायचे. तिकडे आई काहीच विचारायची नाही. फक्त म्हणायची, "तिकडची हवा वाईट. खोकला झाला असेल एखादीला."

मग चौक रुंद करायचं निघालं. पुतळा हलवणार होते. मी आईला फोनवर सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुतळा उचलायच्या दिवशी मावशी क्रेनवाल्यावर ओरडत होती, "केसांना पट्टा नको, कमरेला लाव!" इतक्यात गर्दीतून हातातली पिशवी सावरत आई आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

"कुठे नेताय मला?"

मावशी म्हणाली, "वाचनालयाच्या अंगणात."

"सावली आहे का तिथे?"

"आहे. मोठं झाड आहे."

"मग ठीक. उन्हानं डोकं दुखतं माझं."

पुतळा वर उचलला गेला. सगळे तिकडे बघत होते, मावशी मात्र आईकडे. "केस कापलेस?"

"वाळवायचा कंटाळा आला."

तिघींनी टपरीवर चहा घेतला. मावशी म्हणाली, "आज राहा ना." आई म्हणाली, "घरी दूध नासेल." आणि संध्याकाळच्या बसनं परत गेली.

त्यानंतर फोन सुरू झाले. एकदा मावशीनं विचारलं, "ताई, पुन्हा बसशील माझ्यासाठी?" आई म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'चा धाकटा भाऊ. मावशीनं मग आठवणीवरच म्हातारी बाई घडवायला घेतली. पाठ आली, हात आले, मान काही येईना. "मान कशी झुकते गं तुझी आता?" तिनं फोनवर विचारलं. आई म्हणाली, "येऊन बघ की."

मावशी मातीची पिशवी घेऊन गेली आणि आठवडाभर राहून तशीच परत आली. पिशवीची गाठसुद्धा सुटली नव्हती. "ती भाजी चिरायची, मी बघत बसायचे," तिनं मला सांगितलं. "काम करायचं राहूनच गेलं."

ती बाई अजून मावशीच्या खोलीत आहे, खांद्यापर्यंतच. मातीला तडे जाऊ नयेत म्हणून मावशी रोज सकाळी तिच्यावरचं फडकं ओलं करते. ओतारी अधूनमधून विचारतो, "बाई, कधी ओतायची?"

"थांब रे," ती म्हणते. "ताई यायची आहे अजून."