केळ्याचे पॉइंट
तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास आला की मला अमेरिकेतल्या अर्विंगमधली एक शनिवारची दुपार आठवते. तेव्हा मी वजन कमी करण्याचा एक प्लॅन घेतला होता. त्यात प्रत्येक पदार्थाला पॉइंट होते आणि दिवसाचे ठरलेले पॉइंट ओलांडायचे नसत. केळं नुसतं खाल्लं तर शून्य पॉइंट, पण तेच दुधात फिरवलं की चार. वरण-भाताचं तर त्या प्लॅनच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये नावच नव्हतं. त्या दुपारी शेजारच्या काकू आल्या होत्या. त्या मूळच्या नागपूरच्या, निवृत्त डॉक्टर. त्यांच्यासमोरच माझ्या सात वर्षांच्या लेकीनं केळं अर्धवट सोललं आणि विचारलं, "मम्मा, हाऊ मेनी पॉइंट्स?" माझं बघून तीही खाणं मोजायला लागली होती; मला एकदम रडूच फुटलं. काकूंनी माझा फोन मागून घेतला, सगळे नियम नीट वाचले आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं डॉक्टरकी केली गं मी, मलाही यातलं काही कळत नाहीये. मग तुझं काय चुकलं?" मग त्यांनी स्वतःच ज्वारीचं पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या, मेथीची भाजी परतली आणि आम्हा मायलेकींना शेजारी बसवून वाढलं. "भूक असेल तेवढं जेवा आणि मग माझ्याबरोबर चालायला चला," एवढंच त्यांचं सांगणं होतं. आम्ही तिघींनी कॉलनीतल्या तळ्याला सावकाश दोन फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळी मी तो प्लॅन कॅन्सल केला. पुढे वजन थोडंसंच उतरलं, पण घरात पुन्हा कुणी घाबरत जेवलं नाही. काकू आता मुलाकडे, दूर अल्फारेटा नावाच्या गावी राहतात. फोनवर मी त्या दुपारबद्दल थँक्यू म्हणायला गेले, की त्या मला पुरतं बोलूच देत नाहीत, विचारतात, "जेवलीस का?"