पोपटरावांची घरची कल्हई

…तर काल गोष्ट मिक्सरपाशी थांबली होती. पोपटरावांनी दुरुस्त केलेला मिक्सर सुरू झाला खरा, पण उलटा फिरायला लागला. कलावतीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अहो, ह्यात शेंगदाण्यांची चटणी करायची की चटणीचे परत शेंगदाणे?” पोपटराव जराही खजील झाले नाहीत. “फिरतोय ना? मग माझं काम झालं. दिशा उद्या बघू.” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दिशाही बघितली. तो मिक्सर अजून चालतो.

असा हा माणूस. मूळचा खडवलीचा, जन्मभर डोंबिवलीच्या एमआयडीसीत वायरमन, आता निवृत्त. घरातली मोडकी वस्तू कुणी टाकायला काढली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. जेवणाच्या टेबलाची एक बाजू कायमची त्यांची. तिथं सोल्डरिंगचं आयर्न तापत पडलेलं, सोल्डरच्या तारेचं रीळ, चिमटे, आणि शेजारच्या खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली पाच वर्षांची नात, संचिता. तापल्या टोकाला तार लावली की चांदीसारखा थेंब पळायचा. तो बघून ती खुदकन हसायची. खाली सांडलेले थेंब गार झाले की गोळा करून काडेपेटीत ठेवायची. आजोबांना याचं कोण कौतुक. “बघा, वायरमनचं रक्त आहे,” म्हणायचे. त्या रक्तात पुढं काय निघणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक.

आता पातेल्याचं. त्यांची सून शिवानी फार जागरूक. मोबाईलवर काहीबाही वाचून तिनं एका रविवारी घरातली नॉनस्टिकची आणि अॅल्युमिनियमची सगळी भांडी बाहेर काढली. “आई, तुमचं ते पितळी पातेलं कुठंय? तेच सगळ्यात हेल्दी.” कलावतीबाईंना आनंद झाला. माहेरहून आलेलं त्यांचं पातेलं इतकी वर्षं माळ्यावर उपडं पडून होतं आणि तिथं असल्याबद्दल त्यांनी बोलणीच खाल्ली होती. ते चिंच लावून घासलं, बाहेरून लखलखलं. पण आतली कल्हई पार उडालेली. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं, आणि कलावतीबाईंना तर त्यात आमसुलाचं सार करायचं होतं.

कल्हईवाला शोधला. कुणी म्हणालं कल्याणात बसतो, कुणी म्हणालं बसायचा.

पोपटराव म्हणाले, “कल्हई म्हणजे काय? कथील. आणि माझ्या तारेत काय आहे? कथीलच की.”

हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं शिसं होतं. तेही त्यांना माहीत होतं. रिळावर लिहिलेलं असतं आणि जन्मभर त्यांनी तेच रीळ हातात धरलं होतं. पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवली पाहिजे, असा काही नियम नाही. लहानपणी खडवलीत बघितलेला कल्हईवाला त्यांना तंतोतंत आठवला. पातेलं गॅसवर तापवलं, चिमूटभर नवसागर टाकला, भपकन पांढरा धूर झाला, तार लावली आणि कापसाच्या बोळ्यानं आतून सर्रकन फिरवली. काय सांगावं, आरसा झाला. संचितानं त्यात जीभ काढून बघितली. समोरच्या ब्लॉकमधल्या सरोजताई मुद्दाम बघायला आल्या. “माझंही एक पातेलं आहे हो,” म्हणाल्या. पोपटराव म्हणाले, “आणा की.” सरोजताईंना त्यांचं नशीब थोर म्हणून ते पातेलं सापडलं नाही.

पुढं काही महिन्यांनी संचिताचं पोट दुखायला लागलं. खाईना, शौचाला होईना, रंग उतरला, कशावरूनही चिडायची. शाळेतून निरोप आला की आलेली अक्षरंही विसरते. शिवानी रात्रंदिवस काळजीत. जंताचं औषध झालं, लोहाचं झालं. आणि घरचं औषध तर होतंच. पोट दुखलं की आजी वाटीभर आमसुलाचं सार द्यायची, त्या पातेल्यातलं, कोमट, वर जिऱ्याची फोडणी. जास्त दुखलं की दोन वाट्या. पोर ते आवडीनं प्यायची. जितकं पोट दुखे तितकं सार, आणि जितकं सार तितकं पोट.

शेवटी ठाण्याला डॉक्टर ऋजुता म्हणून आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, “रक्तात शिसं आहे. लहान मुलांच्या मेंदूला हे वाईट. औषधाच्या आधी, ते घरात कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा.”

शोधायचं म्हटल्यावर पोपटरावांच्या अंगात वीज आली. फॉल्ट शोधण्यातच हयात गेलेली. परतताना रिक्षातच त्यांनी शिवानीला बजावलं, “पोरी, तू काळजी करू नको. आता हे माझ्याकडे.”

आधी त्यांनी शिसपेन्सिली जप्त केल्या. मग रंगीत खेळणी, मग काजळाची डबी. सुटी हळद गेली, शिवानीची लिपस्टिक गेली. ती म्हणाली, “बाबा, लिपस्टिक मी लावते, संचिता नाही.” “पण पापा कोण घेतं तिचा?” डोंबिवलीच्या हवेवर त्यांनी सोसायटीच्या सभेत भाषण केलं, त्याला टाळ्या पडल्या. आणि खिडकीच्या जुन्या ग्रिलचा रंग शिशाचा असणार हे ओळखून त्यांनी तो पॉलिशपेपरनं दोन दिवस घासून काढला. दारं लावून, शेजाऱ्यांना धुळीचा त्रास नको म्हणून.

महिन्यानं परत तपासलं तर आकडा चढला होता.

या वेळी कलावतीबाईही बरोबर गेल्या. पोपटराव जप्त मालाची पिशवी घेऊन बसले होते. डॉक्टरांनी पेन्सिली तर लगेच परत दिल्या. “आजोबा, पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं.” ग्रिलचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, असा रंग कोरडा घासायचा नाही. सगळी धूळ घरात गेली की.” मग त्या कलावतीबाईंकडे वळल्या. “आजी, पोट दुखलं की तुम्ही काय देता?”

“आमसुलाचं सार.” कलावतीबाई सावरून बसल्या. “आणि पितळेतलं बरं का. आमच्याकडे अॅल्युमिनियम नाही.”

“पितळेत आंबट? कल्हई आहे ना आतून?”

“आहे तर. बाहेरची नाही, ह्यांनी घरी केलीय. अहो, सांगा ना.”

पोपटराव पिशवी आवरायला लागले. त्यांना फॉल्ट सापडला होता.

“आजोबा, कशानं केलीत?” डॉक्टरांनी विचारलं.

पिशवीची गाठ बांधत पोपटराव म्हणाले, “सोल्डरनं.” आणि मग, अगदी हळू, “टेबलावरच्या त्या थेंबांचीही एक काडेपेटी आहे तिच्याकडे.”

रिक्षात बसल्यावर शिवानी म्हणाली, “बाबा, पितळेचं खूळ माझंच होतं.” कलावतीबाई म्हणाल्या, “आणि सार माझं.” असं दोघींनी वाटून घेतलं तरी पोपटरावांच्या वाट्याचं कमी झालं नाही. पुढं सगळ्यांचंच रक्त तपासलं. थोडं थोडं शिसं प्रत्येकात होतं, पण पोरीचं अंग लहान.

टेबल मोकळं झालं. रीळ, आयर्न, काडेपेटी, सगळं घराबाहेर गेलं. ओल्या फडक्यानं घर पुसायचं काम पोपटरावांनी मागून घेतलं. कोपरा न् कोपरा, गुडघ्यावर बसून. हळूहळू आकडा उतरायला लागला. संचिता जेवायला मागू लागली, अक्षरं परत यायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, “उतरतंय. पण वर्षभर लक्ष ठेवायचं.” पोपटराव तारीख विचारून घेतात, आणि आदल्या रात्री जेवत नाहीत.

राहिलं पातेलं. ते त्यांनी स्वतःच भंगारात द्यायला काढलं. हा दिवस बघायला मिळेल असं कलावतीबाईंना कधी वाटलं नव्हतं. “माहेरचं आहे हो,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मग जन्मभर भोकं बुजवलेल्या या माणसानं ड्रिल काढलं आणि पातेल्याच्या बुडाला चांगलं अंगठा जाईल एवढं भोक पाडलं.

भंगारवाला विश्राम त्यांचा जुना ओळखीचा. पातेलं त्यानं उजेडात धरलं, आत बघितलं, भोकातून पोपटरावांकडे बघितलं आणि हळहळला.

“काका, तुम्ही आणि भोक पाडता? आतून बघा की, आरसा आहे नुसता. कुणीतरी वापरलं असतं.”

“हो ना,” पोपटराव म्हणाले. “आम्ही वापरलं.”