दाजींचा पत्त्यांचा आखाडा

देवानं आधी नियम केले आणि मग सवड मिळाली म्हणून माणसं केली, असं मनापासून मानणारा या जगात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा आहे. दाजी मिरजेला एका छापखान्यात होते. अंगावर मांस म्हणाल तर नावालाच. पण नियम! एसटीनं पलूसला निघालो की चढताचढताच जाहीर करायचे, "सांगलीपातूर खिडकी तुमची, फुडं माजी. मधीच डोळा लागला तर हक्क ग्येला." सांगलीच्या आतच स्वतः घोरायला लागायचे आणि जाग आल्यावर मी खिडकी देऊ केली तरी घ्यायचे नाहीत. "नियम म्हंजे नियम, गड्या," म्हणत पलूसपर्यंत ऊन लागणाऱ्या माझ्या तोंडाकडे हेव्यानं बघत बसायचे.

त्या काळी पोरासोरांच्या हातात परदेशी पैलवानांचे पत्ते असायचे. उंची, वजन, छाती छापलेली. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. दाजींनी एक डाव बघितला आणि त्यांचं डोकंच फिरलं. "ह्यात ख्येळ कुटं हाय? वजन जास्त त्यो जिकला! मग बारक्या मान्सानं जन्माला यावंच कशाला?" हा प्रश्न त्यांच्या फारच जिव्हाळ्याचा होता. त्यांनी छापखान्यातल्या वाया गेलेल्या लग्नपत्रिका कापल्या आणि कोऱ्या बाजूवर आपला आखाडा उभा केला. नियम मोजकेच. ज्यानं त्यानं आपापले पैलवान तयार करायचे, कसलेही. पण प्रत्येक पैलवानाखाली तो कशानं पडतो, तो उतारा बनवणाऱ्यानंच लिहायचा. एकदा चीत झालेला पैलवान त्या डावात परत उतरवायचा नाही. आणि पत्ता टाकताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून तोंडानं हाक द्यायची, नाहीतर कुस्ती धरायची नाही.

आमच्या पलूसच्या घराच्या सोप्यात या आखाड्याला असा रंग चढला की काय सांगू! कवठे महांकाळचा आमचा आतेभाऊ 'दुष्काळी पैलवान' घेऊन आला. तो पाण्याशिवाय कितीही दिवस लढायचा. उतारा, पाण्याचा टँकर दिसला की आखाडा सोडून पळतो. ताईनं 'जेवायला चला' नावाचा पत्ता काढला. तो पडला की सगळे पैलवान उठलेच पाहिजेत. दाजींनी कडकपणे उतारा मागितल्यावर तिनं लिहिलं, "स्वतःचं ताट स्वतः घासणारा पैलवान." असला पैलवान कुणाकडेच निघाला नाही. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे पत्त्यांच्या पाठीवर लग्नं तशीच छापलेली होती. मागं 'चि. सौ. कां.' दिसलं की आतेभावाच्या हातातला हुकमी पैलवान कुठला ते अख्ख्या सोप्याला कळायचं. दाजींनी यावर फार विचार केला आणि नियम काढला: समोरच्याच्या पत्त्यांची लग्नं वाचायची नाहीत.

पण एवढा उपद्व्याप कुणासाठी चालला होता, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे आण्णा जत्रेच्या मैदानात कुस्त्यांचे पंच. जावई पैलवानच हवा, असं त्यांचं ठरलेलं, आणि ताईनं आपल्या मर्जीनं हा काडी पैलवान निवडला. लग्न झाल्यापासून आण्णा दाजींशी एक शब्द बोलले नव्हते. समोर बसलेल्या माणसाविषयी ताईला विचारायचे, "त्यास्नी च्या पायजे का इचार." दाजी बिचारे ताईकडेच बघून मान हलवायचे. त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. मला तर आण्णांचा भयंकर राग यायचा.

कुस्ती म्हटल्यावर आण्णांना राहवेना. लांबून बघता बघता एका दिवाळीत ते थेट दाजींसमोर मांडी घालून बसले. आता हाक द्यावी लागणार, म्हणून आम्ही सगळे पुढं सरकून बसलो. पण आण्णाही कमी नव्हते. त्यांनी 'मौनी पैलवान' नावाचा पत्ता टाकला. त्याला हाक लागत नाही! दाजींचा चेहरा उतरला. पण नियमात बसत होतं, काय करणार? "चालतंय की," ते हळूच ताईला म्हणाले, "फकस्त उतारा लिवाय सांग." आण्णांनी पंचाला शोभेल असं लिहिलं, "समोरचा खोटी कुस्ती खेळला तर मौन सुटतं, पैलवान चीत."

डाव सुरू झाला. दाजींचा एक पैलवान पडला, दुसरा पडला, आणि मग त्यांनी मघाशी चीत झालेलाच पैलवान पुन्हा उचलून मध्ये टाकला.

"आवं आवं, थांबा!" आण्णा गरजले. "पडल्याला पैलवान परत उतरवताय व्हय? जावईबापू, अक्कल हाय का न्हाई तुमास्नी? नियम तुमीच केलाय न्हवं?"

ताई पिठाच्या हातानं दारात आली. "आण्णा बोलले!" ती म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. मौनी पैलवान चीत झाला होता, दाजी जिंकले होते, पण त्यांना त्याचं भानच नव्हतं. ते हात जोडून "चुकलं मामा, चुकलं" एवढंच म्हणत होते. आण्णा कानापर्यंत लाल झाले. "मग? चुकल्यावर बोलू न्हाई व्हय?" म्हणाले आणि पत्ते पिसायला लागले.

"दाजी, मुद्दाम चुकलात ना?" मी नंतर त्यांना गाठून विचारलं. ते शपथ घेऊन म्हणाले, "न्हाई वो. मामा म्होरं बसलं की माजं डोस्कंच चालत न्हाई."

त्यानंतर आण्णा त्यांना रोज रागवायचे. चपला कुठं काढता, भाकरी कशी मोडता, पत्ता असा धरतात का! आणि दाजी ते कौतुक केल्यासारखं ऐकून घ्यायचे. आण्णांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मागं पलूसला आम्ही दोघंच खेळायला बसलो होतो. दाजींनी पडलेला पैलवान पुन्हा टाकला, मी पाहिलं आणि गप्प राहिलो. दाजी थोडा वेळ वाट बघत बसले. मग त्यांनीच तो पत्ता उचलून घेतला आणि म्हणाले, "वरडा की वो कुणीतरी."